मशीहाची वाट आणि मैत्रेयाचा काळ

गेल्या भीमजयंतीला भीमाशंकरच्या डोंगराखाली, आंबेगाव तालुक्यातील एका वस्तीत प्रवचनासाठी जाण्याचा प्रसंग आला. त्रिसरण-पंचशील झाले, मुलांची भाषणे झाली. शेवटी एक तरुण कार्यकर्ता उठला. त्याने मोठ्या आवेशाने भाषण केले आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "बाबासाहेब, समाज पुन्हा अंधारात चालला आहे. तुम्ही पुन्हा जन्म घ्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजविल्या, हे प्रांजळपणे सांगून टाकतो.

सभा पांगल्यावर एक वृद्ध उपासिका माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, बाबा परत येतील म्हनं. पर आले तर वळखायचं कशावरनं?"

माझ्याजवळ उत्तर तयार होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत देवाच्या अवतारावर विश्वास न ठेवण्याची प्रतिज्ञा आहे. जो धम्म आत्मा मानीत नाही त्यात तोच माणूस पुन्हा जन्माला येण्याचा प्रश्नच कोठे उरतो? हे सारे मी त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मान डोलावली आणि उठून गेल्या. नंतर माझ्या ध्यानात आले की त्यांनी हे विचारलेच नव्हते. अवतार खरा की खोटा, हा त्यांचा प्रश्न नव्हता. 'मीच तो' असे म्हणत कोणी दारात उभा राहिला तर त्याला पारखायचे कसे, हे त्यांना हवे होते. आणि असे लोक दारात उभे राहतात. दर निवडणुकीला एक-दोन 'दुसरे बाबासाहेब' आपल्या वस्त्यांतून हात जोडून जातच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाशंकरच्या नागफणीच्या कड्यावर गेलो होतो. देवळात गर्दी होती. येथे शंकराने प्रकट होऊन असुराचा वध केला अशी कथा सांगतात. एका पुराणकथेप्रमाणे त्या असुराचे नाव भीम. वध झालेल्याचे नाव आपल्या लोकांच्या बरोबर ध्यानात राहते! पण तो विषय वेगळा. कड्याच्या पश्चिमेला एकदम खाली कोकण दिसते. त्या कोकणात, समुद्राच्या बाजूला, अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या भागांत एक समाज शेकडो वर्षे राहिला. तो मराठी बोलत होता, तेलाचे घाणे चालवीत होता, आणि ज्या प्रश्नाने मी आदल्या रात्री निरुत्तर झालो तोच प्रश्न त्याच्या धर्माने दोन हजार वर्षे घोटला होता. तो समाज म्हणजे बेने इस्राएल, आपले मराठी यहुदी.

त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावे दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखीच गावावरून पडलेली. धर्मग्रंथ हरवले होते, हिब्रू भाषा विसरली होती. सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही नियम आणि एक छोटी प्रार्थना एवढेच हाती उरले होते. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले ते १७९६ साली. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेतील शिपाईगडी. त्याच मुंबई फौजेत महार शिपाईही होते, आणि भीमाशंकरला उगम पावणारी भीमा पुढे ज्या कोरेगावावरून वाहते तेथे १ जानेवारी १८१८ रोजी आपल्या पूर्वजांनी काय केले हे वाचकांना सांगावयास नको.

सारे विसरले तरी हे लोक एक नाव विसरले नाहीत. ते नाव एलियाहू हन्नबीचे, म्हणजे संदेष्टा एलीया याचे. यहुदी ग्रंथांप्रमाणे हा एलीया मेला नाही. तो अग्नीच्या रथात बसून सदेह स्वर्गात गेला. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाप्रमाणे तो मोठा दिवस येण्यापूर्वी परत पाठविला जाईल. म्हणून तो येणाऱ्या मशीहाचा अग्रदूत. अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर ज्या खुणा आहेत त्या त्याच्या रथाच्या चाकांच्या व घोड्याच्या टापांच्या, असे बेने इस्राएल मानतात. नवस फेडताना, लग्नकार्याच्या आधी ते त्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे. पुण्यात १८७४ साली वल्हांडण सणाची हिब्रू-मराठी पोथी छापली गेली. त्या रात्रीचा विधी पुढच्या वर्षी यरुशलेमात भेटण्याच्या आशेने संपतो, आणि ती आशा आपले हे कोकणातले तेली मराठीत वाचू लागले.

आता ही आशा नेमकी कसली? दावीद राजाच्या वंशात एक अभिषिक्त पुरुष उत्पन्न होईल, हाच मशीहा. देशोदेशी पांगलेल्या यहुद्यांना तो एकत्र आणील, यरुशलेमचे उद्ध्वस्त मंदिर पुन्हा उभे राहील, मेलेले उठतील, राष्ट्रे तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील. त्यापूर्वी मोठा संहार होईल, गोग आणि मागोग यांचे युद्ध होईल, असेही सांगितले जाते. ऐकणाऱ्याला हे पुराण वाटेल. पण लक्षात ठेवा, रोमन लोकांनी सन ७० मध्ये ज्यांचे मंदिर जाळले आणि पुढे ज्यांना युरोपभर कोंडवाड्यासारख्या वस्त्यांत राहावे लागले, त्यांची ही आशा आहे. ज्याच्याजवळ काहीच नसते त्याच्याजवळ पुढचा दिवस असतो. आपल्याही आया-बाया दिवाळीला ओवाळताना बळीचे राज्य येवो असे म्हणत आल्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्याच बळीला शूद्रातिशूद्रांचा राजा म्हणून उभे केले. तेव्हा दुसऱ्याच्या आशेला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण या आशेने यहुद्यांना किती वेळा फसविले हेही पाहिले पाहिजे. सन १३२ मध्ये बार कोखबा रोमविरुद्ध उठला. अकिवासारख्या थोर रब्बीने त्याला मशीहा म्हटले. एका सहकाऱ्याने त्यांना तेथल्या तेथे खडसावले की, अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी मशीहा आलेला नसेल. सन १३५ मध्ये उठाव चिरडला गेला. माणसे किती मेली याची गणती नाही. पुढे १६६५ साली तुर्की साम्राज्यात शब्बताई झ्वी नावाच्या गृहस्थाने स्वतःला मशीहा म्हणविले. युरोपातील यहुदी घरेदारे विकून यरुशलेमला निघण्याची तयारी करू लागले. दुसऱ्याच वर्षी सुलतानासमोर उभे केल्यावर या मशीहाने जीव वाचविण्यासाठी इस्लाम स्वीकारला! तरीही काहींनी त्याला सोडले नाही. हा धर्मत्यागसुद्धा मशीहाचे गूढ कार्य आहे असे ते म्हणत राहिले. भक्तीची ही शेवटची पायरी असते. देव चुकला तरी ती देवाची लीला ठरते. आपल्या राजकारणात हे दृश्य ज्यांनी पाहिले नाही त्यांनी हात वर करावा.

अशा फसवणुकीतूनच यहुदी विद्वानांनी उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर काढले. बाराव्या शतकातील मायमोनिडीज हा वैद्य आणि धर्मशास्त्री. मशीहावरील श्रद्धा त्याने धर्माच्या तेरा तत्त्वांत घातली. पण त्याच माणसाने हेही लिहून ठेवले की मशीहाकडे चमत्कार मागू नका. त्याच्या काळीही जग आपल्या रीतीनेच चालेल. लांडगा कोकराजवळ निजेल हे रूपक समजा. त्याला ओळखायचे कामावरून. तो लोकांना नियमाकडे वळवितो काय, पांगलेल्यांना गोळा करतो काय? करून दाखविले तर तोच. अपेशी ठरला किंवा मारला गेला तर तो चांगला राजा असेल, पण तो नव्हे. तालमुदातील शमुएल नावाच्या पंडिताने तर सरळ सांगितले होते की आजचा काळ आणि मशीहाचा काळ यांत परक्या सत्तेची गुलामगिरी संपणे एवढाच फरक. शेवटच्या दिवसाची आकडेमोड करणाऱ्यांना तालमुदात शाप आहे. आणि ज्याने रोमन वेढ्यातून यहुदी विद्या वाचविली त्या योहानान बेन झक्काईच्या नावावर एक सांगणे आहे. हातात रोप असताना मशीहा आला असे कोणी ओरडले, तर आधी रोप लाव, मग त्याला सामोरा जा. मला हे फार आवडले. लिहून ठेवले आहे.

त्याच तालमुदात एक वाद आहे. रब्बी एलिएझर म्हणतात, लोक सुधारले तरच सुटका होईल, नाही तर नाही. रब्बी यहोशुआ म्हणतात, सुधारले नाहीत तरी ठरल्या वेळी सुटका होणारच. पुढे योहानान नावाचे रब्बी म्हणतात, दावीदाचा पुत्र एक तर पूर्ण सज्जन झालेल्या पिढीत येईल, नाही तर पूर्ण बिघडलेल्या पिढीत. माझ्या मते आशेविषयीचा सारा नैतिक प्रश्न या वादात आहे. माणसांनी आपले काम केल्यावर जो येतो आणि माणसे काहीच करीत नाहीत म्हणून जो येतो, हे दोन अगदी वेगळे पुरुष आहेत. पहिल्याची वाट पाहणारा हातपाय हलवितो. दुसऱ्याची वाट पाहणाऱ्याला तर समाज जितका बिघडेल तितके बरेच!

बेने इस्राएलांच्या बाबतीत तो दिवस जणू खरोखरच उगवला. १९४८ साली इस्राएलचे राज्य झाले. त्या राज्याकरिता जी अधिकृत प्रार्थना तयार झाली तिने या राज्याला आपल्या मुक्तीचा पहिला मोहोर म्हटले. काही कर्मठ यहुद्यांना हे पटले नाही. मशीहा येण्याआधी बळाने राज्य घेणे हाच अधर्म, असे त्यांचे म्हणणे होते व आजही आहे. त्याच भूमीतल्या लक्षावधी पॅलेस्टिनी अरबांना १९४८ मध्ये घरे सोडावी लागली, हेही या मोहोराबरोबरच सांगितले पाहिजे. कोकणातून, मुंबईतून बेने इस्राएल मोठ्या संख्येने निघाले. गाव सोडताना अनेकांनी मलिदा केला असेल. दोन हजार वर्षांची प्रार्थना फळाला आली होती.

तेथे पोहोचल्यावर काय झाले? विवाहनोंदणीचा अधिकार तेथे रब्बींच्या हाती आहे. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुख्य रब्बींच्या कचेरीने सूचना काढली की बेने इस्राएल वधूवरांची नोंद करताना त्यांच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. रक्त शुद्ध आहे ना, पाहावे. वाचकहो, ही भाषा आपण कोठे ऐकली आहे? ज्या शनिवार तेल्याला रेवदंड्यात कोणी तू यहुदी आहेस काय असे विचारले नव्हते, त्याला यरुशलेमात वंशावळ मागितली गेली. त्यांनी मशीहाची वाट पाहिली नाही. बायकामुलांसह ते यरुशलेमात धरणे धरून बसले. १९६४ मध्ये तेथील संसदेला जाहीर करावे लागले की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि त्या सूचनेतून त्यांचे नाव काढावे लागले.

एक कटू गोष्ट येथे लपवीत नाही. याच बेने इस्राएलांत, येथे कोकणात असताना, 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. गोरे काळ्यांशी बेटीव्यवहार करीत नसत. का? काळ्यांच्या आया बिनयहुदी असल्याचा संशय. म्हणजे यरुशलेमच्या रब्बींनी त्यांना जो प्रश्न विचारला तोच त्यांनी आपल्याच भाऊबंदांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला होता. मुक्तीच्या देशाला जाणाऱ्या आगबोटीत जातही चढते, तिला तिकीट लागत नाही. हे मी त्यांना हिणविण्यासाठी लिहीत नाही. धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली. सोयरीक जुळविताना आपल्या घरांत पोटजात विचारली जात नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील?

आता आपल्याकडे वळू. बौद्ध परंपरेतही एक येणारा आहे. मेत्तेय्य, संस्कृतात मैत्रेय. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात दारावर सात मानुषी बुद्धांच्या रांगेत आठवा म्हणून तो रंगविलेला आहे. त्याचे भाकीत दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात येते. तो भाग नंतरचा असावा असे काही अभ्यासक मानतात. तो वाद तूर्त बाजूला ठेवू आणि सुत्त काय सांगते ते पाहू, कारण मैत्रेयाचे नाव घेणारे पुष्कळ लोक सुत्त वाचीत नाहीत.

एक राजा दरिद्री लोकांना धन देत नाही. सुत्तातील सारा अनर्थ येथून सुरू होतो. देव कोपला असे कोठेही नाही. दारिद्र्य वाढले म्हणून चोरी आली. पहिल्या चोराला राजाने पैसे देऊन सोडले, तेव्हा चोरी वाढली. मग चोराचे डोके उडविले, तेव्हा लोकांनीही शस्त्रे घडविली. शस्त्रामागून हत्या, हत्येमागून असत्य, चहाडी, व्यभिचार. ऐंशी हजार वर्षांचे आयुष्य घटत घटत दहा वर्षांवर येते. मग सात दिवस असे येतात की माणसाला माणूस पशू दिसतो आणि जो तो हाती शस्त्र घेऊन दुसऱ्याला मारतो. त्या वेळी काही जण झाडीत, कपारीत, नदीच्या बेटांवर लपतात, कंदमुळे खाऊन राहतात. सात दिवसांनी ते बाहेर येतात, एकमेकांना मिठी मारतात, तू जिवंत आहेस म्हणून आनंद करतात, आणि विचार करतात की आपण वाईट वागलो म्हणून आपले आप्त मेले. आता निदान हत्या तरी करू नये. तेवढ्याने त्यांच्या मुलांचे आयुष्य वीस वर्षांचे होते. मग ते चोरी सोडतात. एकेक शील, एकेक पिढी, असे चढत चढत पुन्हा ऐंशी हजार. नगरे भरतात, केतुमती राजधानी होते, शंख राजा दंडाशिवाय, शस्त्राशिवाय राज्य करतो.

आणि मग मैत्रेय येतो.

वाचकांनी हा क्रम नीट पाहावा. संहाराच्या सात दिवसांत मैत्रेय नाही. दहा वर्षांच्या आयुष्याच्या लोकांना कोणी वाचवायला आले नाही. त्यांनी झाडीतून बाहेर पडून जो निश्चय केला तो त्यांचा त्यांनी केला. मैत्रेय जेव्हा येतो तेव्हा सुटका होऊन फार काळ लोटलेला असतो. तो येतो तो धम्म शिकवायला. रब्बी एलिएझरांनी हे सुत्त वाचले असते तर त्यांना आनंद झाला असता. शिवाय स्वतःच स्वतःचा आधार व्हा, दुसऱ्याला शरण जाऊ नका, हा उपदेश या सुत्ताच्या आरंभी आहे आणि शेवटीही आहे. मैत्रेयाची गोष्ट या दोहोंच्या मध्ये ठेवली आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तथागत हे मोक्षदाते नसून मार्गदाते आहेत, हे जे आग्रहाने मांडले आणि तथागतांनी कोणी वारस नेमला नाही याकडे लक्ष वेधले, त्याचे मर्म मला या सुत्तामुळे अधिक कळले. वारस नेमला असता तर आपण धम्म सोडून वारसाचे तोंड पाहत बसलो असतो.

परतताना जुन्नरला उतरलो. तेथे मानमोडीच्या डोंगरात लेण्यांचा जो एक गट आहे त्यालाही भीमाशंकर लेणी म्हणतात. तेथे महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पाण्याची पोढी व मंडप दान दिल्याचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांचीही दाने आहेत. एकाने पाण्याच्या पोढ्या खोदविल्या, एकाने भिक्खूंसाठी भोजनमंडप केला. परदेशी माणसे, आली समुद्रावरून, नाणेघाट चढून. आणि धम्मात बसली. त्यांची आजी कोण होती याची चौकशी कोणी केल्याचे त्या भिंतींवर लिहिलेले नाही. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे दान आहे, कल्याणच्या माणसाचे दान आहे. मोक्ष दे, पुन्हा ये, अशी याचना मला त्या लेखांत आढळली नाही. नाव, गाव, काय दिले, एवढेच. पोढीत अजून पाणी होते.

महिन्याभराने पुन्हा त्या वस्तीत गेलो आणि उपासिकेला सुत्ताची ही गोष्ट पहिल्यापासून सांगितली. बार कोखबाची सांगितली, रोपाची सांगितली. रोपाला त्या हसल्या. बेने इस्राएलांच्या धरण्याची गोष्ट ऐकून म्हणाल्या, "बायकाबी बसल्या व्हत्या ना?" होय म्हटले. झाडीतल्या लोकांपाशी येताच त्यांनी मला थांबविले.

"त्या झाडीतनं पयला भायेर कोन आला?"

मी म्हणालो, "सुत्तात त्याचे नाव दिलेले नाही."

"बाई असंल," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.